आप्पांच्या गाण्यातली ढोलकी

आवडत्या गाण्यावरून तुम्ही कसले भांडता! भांडावं ते आमच्या सुकदेवआप्पांनी. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. सुरतेत, लिंबायतच्या कारखान्यात, यंत्रमागाशेजारी टेप टांगून आप्पा रोज एकच गाणं ऐकायचे. तेच गाणं दुसऱ्या कुणी गायलेलं लावलं, की ताटावरून उठायचे.

एकदा वीज गेली, माग थांबले. मी टेपमध्ये सेल घातले आणि त्यांचीच कॅसेट लावली.

आप्पा भडकले, "हाई नकली शे! ढोलकी कोठे गयी?"

"आप्पा, कॅसेट तुमचीच आहे," म्हटलं, तरी पटेना.

गाणं चालूच होतं. तेवढ्यात वीज आली, सगळे माग एकदम खडखडायला लागले. आप्पांनी मान डोलावली.

"हां! आते कसं असली गानं लागनं!"