ताईचा नंबर

— नाही, तो नाही. बाकी सगळं उचला, तुमच्या नव्या यंत्रणेवर न्या, पण त्या फोल्डरला हात लावायचा नाही. का म्हणजे? मी सांगतेय म्हणून. आणि इंजिनियरसाहेब, आधी स्वेटर चढवा बघू, या सर्व्हरच्या खोलीत नवा माणूस तासाभरात शिंकायला लागतो. मी आले तेव्हा इथे डिस्कचं एकच कपाट होतं. एकच! वाटलं होतं, जन्माला पुरेल. विमा कंपनीत येऊन येऊन काय येणार, कागद? कसले कागद नि कसलं काय! चेपलेल्या गाड्यांचे फोटो, जळालेली दुकानं, एक्स-रे, ईमेल, आणि फोन — आलेला प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो ना — कशाला शेंडा ना बुडखा, कुठल्या रकान्यात बसवणार? नाहीच बसत. नुसतं साठतं. मग कपाटाला कपाट लावत गेलो. तुमची यंत्रणा चांगली आहे, मी कुठे नाही म्हणतेय? नवा डबा जोडला की सगळे डबे भार आपापसात वाटून घेतात, प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती तीन ठिकाणी, एक गेली तरी दोन शिल्लक. माणसांचं असं असतं तर — जाऊ दे. चालू ठेवा तुमचं काम.

काय? हो, ते बरोबर पकडलंत. नियम माझाच आहे — ज्याला बरेच दिवस कुणी हात लावला नाही ते खालच्या संथ डिस्कवर, आणि तिथेही मुदत संपली की पुसून टाकायचं. मग एवढा जुना फोल्डर वरच्या वेगवान डिस्कवर कसा? रोज उघडला जातो म्हणून. कोण उघडतं? मीच — म्हणजे मी नाही, फोन आला की आपोआप उघडतो. असे बघू नका माझ्याकडे. माझी ताई इथेच होती, वरच्या मजल्यावर, तक्रारींचे फोन घ्यायची. तिच्या सगळ्या कॉलचे आवाज आहेत त्यात. आईचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि त्याच आठवड्यात ताई गेली — रस्त्यात, स्कूटरवरून, आईला भेटायलाच निघाली होती. डॉक्टर म्हणाले, आत्ताच सांगू नका. त्या ‘आत्ताच’ला आता वर्षं झाली. मी सांगितलं, ताईची लांबच्या ऑफिसात बदली झालीय, घरी यायला जमत नाही, पण ऑफिसच्या नंबरवर फोन कर. आणि तो नंबर मी इथे आणला. तो तिच्याच टेबलावरचा फोन, कपाटावर ठेवलाय तो. घरून फोन आला की मशीन उचलतं नि ताईचं एक वाक्य लावतं — ‘बोला, ऐकतेय.’ आई बोलते. आई गप्प झाली की पुढचं वाक्य — ‘काळजी करू नका.’ आता आईला कुठली लेक ‘तुम्ही’ म्हणते हो? आई विचारायची, ही अशी परक्यासारखी का बोलते गं? मी म्हटलं, अगं ऑफिसचा फोन, साहेब ऐकतात, तसंच बोलावं लागतं. पटलं तिला. मला वाटलं, पटलं.

वेडेपणा आहे, माहितीय मला. या पंख्यांच्या घरघरीत कधी कधी मलाही ताई ऐकू येते, पुढचं कुठलं वाक्य लागणार ते आधीच माझ्या ओठांवर येतं — मग मी बाहेर जाऊन उन्हात उभी राहते. पण आई काय बोलते ते मात्र मी कधी ऐकलं नाही. तेही रेकॉर्ड होतच होतं, तुम्हीच म्हणालात ना, जुना फोल्डर असून वाढतोय कसा? ती आई. रोजची. चोरून ऐकायचं नाही एवढी लाज ठेवली होती मी. आणि मघाशी प्रती नीट उतरल्यात का बघायला तुम्ही मधलीच एक फाइल स्पीकरवर लावलीत, ‘कुणी आजीबाई दिसतात’ म्हणालात, हसलात, नि बंद केलीत. तुम्ही चहाला गेलात आणि मी ती पुढे ऐकली.

आई म्हणत होती — ‘तू गेलीस ते मला केव्हाच कळलंय गं. जिवंत होतीस तेव्हा माझं एक तरी बोलणं पुरं होऊ दिलंस का? सारखी मध्ये मध्ये तोंड घालायचीस. आता कशी गुमान ऐकून घेतेस. पण धाकटीला कळू द्यायचं नाही हं. आपण आईला सांभाळलं, या एका गोष्टीवर उभी आहे ती. तेवढ्यासाठी करते मी फोन.’ आणि ताई काय म्हणाली माहितीय? ‘तुमची तक्रार लिहून घेतलीय. अजून काही मदत हवी आहे का?’ आणि आई म्हणाली, ‘नको गं. उद्या करते.’

आता सांगा काय करू. पुसलं तर आई मनातलं बोलणार कुणाशी? आणि ठेवलं तर रोज ती माझ्यासाठी खोटं बोलणार, मी तिच्यासाठी, आणि मधे ताई, मेलेली, दोघींना काळजी करू नका म्हणत बसणार. संध्याकाळी मी घरी जाते, आई म्हणते, ‘ताईशी बोलले आज, बरी आहे.’ मी म्हणते, ‘हो का, बरं झालं.’ आणि दोघी जेवायला बसतो. मला आज त्या घरात पाऊल टाकायची भीती वाटतेय हो, खरंच भीती वाटतेय.

थांबा. वाजतोय — तोच. नाही, तुम्ही उचलू नका! चार रिंगा झाल्या की मशीन घेतं. तुम्ही बाहेर व्हा बघू. नंतर बोलू, जा म्हणते ना, जा — आणि दार ओढून घ्या.

हॅलो. आई —

नाही गं. ताई नाही. मी बोलतेय.

आई? अगं, बोल ना काहीतरी —