खाली बसून बघितलेली दाढ

मी मूळचा बारवी धरणाकडल्या पाड्यावरचा, शाळा दुसरीपर्यंत, मंग भातशेती, मंग उल्हासनगरला कॅम्प दोनमधी फर्निचरच्या दुकानात हमाली, आन् आता बदलापुरात, मांजर्लीला पोराच्या घरी. बायको पार्वती. काय सांगू तुम्हाला, माझी खालची दाढ पडली तवा मी म्हणलं जाऊ दे, मसणात नेताना दात कोण मोजतंय, तर ती म्हणाली, माझी भाकर एका गालात चघळत बसता ते मला बघवत नाय, दाढ बसवा. जेवताना ती समोर बसायची ना, माझ्या तोंडाकडं बघत. वढूनच नेलं मला कॅम्प दोनच्या सिंधी डॉक्टरणीकडं. पोरीच्या वयाची. तिनं हाडात स्क्रू घातला, म्हणाली आधी हाड धरू दे, मंग वर खुंटी, खुंटीवर टोपी, तीच दाढ. हाड धरलं तवर पार्वती गेली.

दाढ बसली पण सुख नाय. घास घेतला की तीच पहिली आपटायची, ठणकायची. डॉक्टरीण खुर्चीत आडवं करायची, निळा कागद दाताखाली, काका चावा, दाढ जास्त टेकंल तिथं डाग उठायचा, तेवढं घासायची. एकदा एक्सरे काढला तर खुंटीच पुरती खाली बसली नव्हती, हिरडीचं मास मधी आलेलं, ती खोलून परत बसवली. खुर्चीत सगळं बरोबर, घरी ताटावर बसलो की तेच. मी वैतागलो, म्हणलं काढून टाक, जिच्यासाठी बसवली तीच नाय राहिली. ती म्हणाली, काका, रुको, घरी जेवता कसे? म्हणलं कसे म्हणजे, तोंडानं. हसली. टेबलावर का खाली? म्हणलं खाली, मांडी घालून, ताटावर वाकून, जन्म गेला तसाच.

मंग काय, मला फरशीवर बसवलं, आन् सवता पांढऱ्या कोटासकट समोर मांडी घालून बसली. तिच्या डब्यातली कोकी, ती सिंध्यांची जाड पोळी, तिचा तुकडा दिला, म्हणली घरी खाता तसं वाकून खा. मंग तसंच वाकून निळा कागद चाववला. मान वाकली तसा जबडा सरकला, आन् डाग उठला भलत्याच कडंला, खुर्चीत कधी न दिसलेला. तेवढं घासलं. आता परत खा, म्हणली, माझ्या तोंडाकडं बघत.

पार्वती गेल्यापासनं माझा घास असा समोर बसून कोणी बघितला नव्हता वो. माझे डोळे भरले, पोरगी घाबरली, काका, अजून दुखतंय का? म्हणलं नाय गं बाय, बसली बरोबर.

आता दोन्ही गालांनी खातो. सून भाकर जाड थापती, पण चालतंय. त्या डॉक्टरणीच्या ताटासमोर बसणारं माणूस तिला जन्मभर राहू दे, मी आणखी काय मागू.