श्वासाची जागा

अमेरिकेतल्या आयसेलिन गावात मिठाईच्या दुकानात रांग काही हलत नव्हती. पुढचे म्हातारे गृहस्थ आणि त्यांच्यासोबतची मुलगी मराठीत बोलायला लागली, तसे विनीताने कान टवकारले.

"शमुवेलकाका, चर्चमध्ये ऑर्गन तुम्हीच वाजवता ना अजून?"

"वाजवत होतो की. मागच्या बाकावर बसून."

"म्हणजे?"

"नव्या म्युझिक डायरेक्टरनं गोड बोलून माझ्याकडून सगळी गीतं रेकॉर्ड करून घेतली. आठवण म्हणून ठेवू, म्हणाला. आता रविवारी नुसतं बटण दाबतो. ऑर्गनवर कॉफीचे कप ठेवतात."

"आणि क्वायर?"

"बंद केलं. शब्द स्क्रीनवर येतात, लोक ओठ हलवतात."

"मार्थाकाकू असत्या तर चांगलंच सुनावलं असतं त्याला."

"तिला दमा होता ना. क्वायरमध्ये गाताना कडवं संपता संपता श्वास पुरायचा नाही, म्हणून मी तिथे जरासा थांबायचो. माझ्याबरोबर सगळं क्वायर थांबायचं. रेकॉर्डिंगच्या वेळी ती नव्हती, तरी हात आपले थांबलेच."

"मग ते रेकॉर्डिंगमध्ये आलं?"

"आलं तर! तेवढ्यासाठीच तर दर रविवारी जायचो."

"जायचो? आता नाही जात?"

"परवा तोच हौसेनं सांगत आला, 'सॅम, तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये मधे मधे गॅप होते. सगळे काढून टाकले. नाऊ इट्स परफेक्ट.'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"थँक यू म्हणालो."