ठकीला आवाज मी दिला

माझं माहेर जामखेड तालुक्यातलं, गाव बारीक हाय, नाव सांगून तुमाला ठावं व्हायचं न्हाई. वडील सुतार. गाडीची चाकं, पेरायची पाभर, दाराच्या चौकटी असली कामं करायचे आन् लाकडाचा तुकडा उरला की आमा बहिनींना त्याची ठकी करून द्यायचे. ठकी म्हंजी बाहुली, जुनं नाव हाय ते, हिला हात न्हाईत पाय न्हाईत, नुसतं डोकं आन् खाली घेर, आमी तिला चिंध्या नेसवायचो. सातवीपतोर शाळा झाली, मंग लगीन होऊन भिंगारला आले. मालक मिल्ट्रीच्या वर्कशापात सिव्हिलियन हुते, म्हंजी वर्दी न्हाई पन भोंगा वाजला की पळायचं. दोन खोल्या, त्यात मी, मालक, सासूबाई, आन् पुढं एक लेक झाली, ज्योती. मालकांनी मला शिलाई मशीन घेऊन दिली, मी ब्लाउज शिवायची, फ्रॉक शिवायची, आन् कापड उरलं की बाहुल्या.

ज्योतीच्या शाळंत एक बाई हुत्या, त्या म्हनल्या, तुमच्या हातात कला हाय, आमाला हात घालून हलवायच्या बाहुल्या करून द्या, हात धुवा, उघड्यावर बसू नका, असं पोरांना शिकवायचंय. मी केल्या. पन त्या बोलनार कशा, तर म्हनल्या तुमीच बोला. तवापासनं पडद्यामागं बसून चार बाहुल्यांचं चार आवाजात बोलायची सवय लागली. मंग लग्नाच्या रुखवतात मांडायच्या बाहुल्यांची कामं यायला लागली, नवरा नवरी, वरमाई, बँडवाले. बरं चाललं हुतं.

मालक वारले आन् त्याच्या दुसऱ्या वर्सापासनं सासूबाईंना विसर पडायला लागला. हळूहळू पडला हो. आधी मीठ कुटं ठेवलं ते, मंग दिवस कोनता ते, मंग माझं नाव. तीन वर्सं मी त्यांचं सगळं केलं, न्हानीपासनं सगळं, ह्ये मी मोठेपना म्हनून न्हाई सांगत, ज्योती लगीन होऊन सासरी गेलेली, घरात दुसरं कोन हुतं करायला. त्यांचं एक हुतं, जेवल्या की ताट उचलेपतोर विसरायच्या. दारात जाऊन बसायच्या आन् येनाऱ्या जानाऱ्याला सांगायच्या, मला कोनी जेवाया देईना. आवाज बारीक, शेवटाला वर जायचा, लहान पोरीवानी. गल्लीला ठावं हुतं, गल्ली हसून सोडून द्यायची. पन माझ्या नणंद, सुमनवन्सं, शेवगावला दिलेल्या, त्या कवातरी यायच्या, त्यांनी एक डाव दारातच ऐकलं आन् माझ्याकडं नुसतं बघितलं. बोलल्या काय न्हाईत. बोलल्या असत्या तर मीबी बोलले असते. सासूबाई गेल्या, दिवस-कार्य झालं, आन् ते बघनं तसंच ऱ्हायलं.

आता विलासचं सांगते. विलास म्हंजी लग्नाचं शूटिंग करनारा, नगरमधला, तिशीतला मानूस. एका लग्नात त्यानं माझं रुखवत बघितलं आन् दुसऱ्या दिवशी घरी हजर. मावशी, मला एक बाहुली पायजे जिला बघून लोकं भितील. मी म्हनले, बाबा, लोकं बघून खुश होतील अशी करायला मी शिकले, ह्ये उलटं कसं करायचं. म्हनला, पिच्चर काढतोय भुताचा, मोबाईलवर टाकनार, थेटरात न्हाई. गोष्ट अशी, नवी सून घरात येते, तिला माळ्यावरच्या पेटीत जुनी ठकी घावते आन् ती ठकी जिती होते. ठकीचं नाव काढलं आन् मी व्हय म्हनले.

ही ठकी मातर मला हातपाय असलेली करावी लागली. डोकं लाकडाचं, माझ्या भावानं गावाकडनं कोरून दिलं, अंग कापसाचं, दात करवंटीचे घासून बसवले. डोळे गनपती रंगवनाऱ्या एका दादांकडनं रंगवून आनले, त्यांनी सवयीनं लई मायाळू रंगवले, मंग मी घरी त्यांच्या वरच्या पापन्या काळ्या करून खाली आनल्या, तवा ती बघायला लागली. बोटं हलायला सायकलच्या ब्रेकची तार. आन् केस माझे सोताचे, इंचरताना गळलेले मी डब्यात ठेवते बोहारनीला द्यायला, ते एकेक करून शिवले. पाठीला भोक, त्यातनं माझा उजवा हात आत, डाव्या हातात तारा.

शूटिंग जामखेड रोडला आत एका गावात, विलासच्या चुलत्याचं बंद घर हुतं तितं. पिच्चरमधी रात असती पन शूटिंग भर दुपारचं, खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, दाराला ताडपत्री, कारन रातच्याला तितं लाईट ऱ्हात न्हाई. आत इतकं उकडायचं की ठकीच्या तोंडावरचा रंग मऊ पडायचा. मी पलंगाखाली उतानी पडलेली, पलंगाची एक फळी काढलेली, तितनं हात वर. सुनंचं काम अश्विनी करायची, एका मास्तरांची बायको, पोरगी चांगली, मला दर दहा मिन्टाला वाकून इचारायची मावशी पानी पायजे का.

विलासनं ठकीला लांबलचक डायलॉग लिहिलेला, मी तुमचं कूळ बुडवीन, मी रक्त पिईन, असलं काय काय. मी म्हनलं की सगळी हसायची. परत घ्यायचं, परत हसायची. पाच-सहा डाव झालं, माझी मान आखडली, घामानं डोळं झोंबायला लागलं, आन् तोंडातनं आपोआप निघून गेलं, मला कोनी जेवाया देईना. बारीक आवाजात, शेवटाला वर नेलेलं. कोनी हसलं न्हाई. अश्विनीच्या हातातली परात खाली पडली, ती खरीच पडली, पिच्चरमधी हाय ती तशीच. विलास म्हनला, मावशी, ह्येच.

आता तुमाला खरं सांगते, मला बरं वाटलं. पिच्चर चालला. गल्लीतली पोरं मला बघून बारीक आवाज काढायची, मला कोनी जेवाया देईना. रिक्षावाले काढायचे. भाजीबाजारात एक बाई म्हनली तुमीच का त्या ठकीवाल्या. मालक गेल्यापासनं मला कोनी असं ओळखलं नव्हतं. लगेच दुसरा भाग काढला, त्यात ठकी आडात टाकून दिलेली असती ती वर येते, आन् ते वाक्य एकाच्या जागी धा डाव. मी म्हनत गेले.

दुसरा भाग आला आन् आठवड्यानं सुमनवन्संचा फोन. त्यांच्या नातवानं मोबाईलवर लावला हुता. त्या म्हनल्या, मंदा, ती बाहुली न्हाई, ती आई हाय. मी म्हनले वन्सं, तसं न्हाई. त्या म्हनल्या, माझ्या आईला तू भूत केलंस, आन् फोन ठेवला. दोन वर्सं बोलल्या न्हाईत. ज्योतीच्या पोरीच्या बारशाला बोलावनं धाडलं, आल्या न्हाईत. मी मनाशी म्हनायची, करायला मी हुते, तुमी कुटं हुता. रोज म्हनायची. पन एक गोष्ट हुती जी मी कोनाला सांगितली नव्हती, त्यामुळं ते म्हननं पुरं व्हायचं न्हाई.

तिसऱ्या भागाला विलासनं गोष्ट आनली की सून ठकीला केरसुनीनं मारते, ठकी तेच वाक्य म्हनत रडते, आन् शेवटी तिला जाळतात. मी पलंगाखाली गेले. वरनं अश्विनीनं केरसुनी हानली, लाकडी डोक्याचा दनका माझ्या मनगटाला बसला, आन् आवाज निघंना. परत घेतलं, निघंना. विलासला वाटलं घसा बसलाय, चहा आनला. मी म्हनले, विलास, मला दोन दिवस दे, आन् तितनंच शेवगावची एसटी धरली.

वन्सं ओट्यावर तूर निवडत बसल्या हुत्या. ये म्हनल्या न्हाईत, जा बी म्हनल्या न्हाईत. मी पायरीवर बसले आन् सांगितलं. म्हनले, वन्सं, दिवाळीचे दिवस हुते, ब्लाउजची रास पडलेली, गिऱ्हाईक समोर बसलेलं. सकाळपासनं मी आईंना जेवायला वाढलंच नव्हतं, माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई. त्या आल्या आन् म्हनल्या मला कोनी जेवाया देईना. मी मशीनवरनं वर बघितलं न्हाई, म्हनले आत्ताच जेवलात की. तर त्या म्हनल्या, व्हय का, म्हंजी मीच इसरले, आन् जाऊन जाग्यावर बसल्या. दिवेलागनीला टोपली उघडली तर सकाळच्या भाकऱ्या तशाच. तीन वर्सांत त्यांनी हजार डाव ते वाक्य म्हनलं आसंल, ते सगळं खोटं, त्यो एक डाव खरा हुता, आन् माझ्या तोंडात त्यो बसलाय. पिच्चरमधी त्योच निघतो.

वन्संचा हात तुरीवर थांबला. त्यांनी इचारलं, त्या दिवशी तिनं तुला परत इचारलं का ग. मी म्हनले न्हाई. त्यांनी तुरीचं सूप बाजूला सारलं. मंग त्या म्हनल्या, तुझ्या मोबाईलवरनं आईचा फोन यायचा न्हाई का, मी सुनंला म्हनायची, सांग आत्या कामात हायेत. काय काम हुतं, काय न्हाई, तिचं तेच तेच ऐकवत नव्हतं मला. आन् आता तुजा त्यो पिच्चर लावते आन् डोळं मिटून ऐकते. आईचा आवाज दुसरीकडं कुटंच न्हाई ग मंदा.

मंग त्यांनी डोळं पुसलं आन् इचारलं, तिसऱ्या भागात तरी तिला कोनी जेवू घालनार हाय का. मी म्हनले, न्हाई, जाळनार हायेत. त्या म्हनल्या, मी येते तुझ्यासंगं.

विलास आधी ऐकंना. मावशी, भुताचा पिच्चर हाय, भुताला जेवायला घातलं तर लोकं नावं ठेवतील. मी म्हनले ठेवू दे, बाहुली माझी हाय, जाळायची आसंल तर दुसरी करून आन. त्यानं डोक्याला हात लावला आन् बसला. मंग म्हनला, करून बघू. पन अश्विनीच्या नखांना नेलपालिश, आन् भरवनारा हात पिच्चरमधल्या म्हाताऱ्या सासूचा दाखवायचा, तर वन्संचाच हात घ्यायचा ठरलं. वन्संनी भाकरी दुधात कुस्करली, गरम दूध. मी खाली, वन्सं वर. ठकीच्या तोंडातनं आत भोक, ते थेट माझ्या बाहीत. पहिला घास त्यांनी भरवला आन् ते गरम दूध-भाकर माझ्या हातावरनं कोपरापतोर वघळत आली. मी ठकीचं तोंड उघडझाक करत ऱ्हायले. वरनं वन्सं म्हनत हुत्या, खा ग माय, सावकाश खा, आजून हाय. ते कुटं लिहिलेलं नव्हतं. विलास कट म्हनायचं इसरला. मी खाली रडत हुते, ते बरं झालं, दिसत न्हाई तितलं.

पिच्चर आला. लोकांनी शिव्या बी घातल्या, म्हनले शेवट पुळचट हाय, भ्याच वाटलं न्हाई. काहींनी खाली लिहिलं की आमच्या आज्जीचं असंच हुतं. अश्विनीनं मला सगळं वाचून दाखवलं, शिव्या बी वाचल्या.

आता माझं वय एकसष्ट. डाक्टर म्हनतो जमिनीवर पडायचं न्हाई, मनका झिजलाय. विलास चवथा भाग काढतोय, ठकीला शेजारघरी नेतात आन् तितं ती काय तरी करते, काय करते ते त्याचं त्यालाच आजून ठावं न्हाई. माझ्यासाठी त्यानं पलंग इटांवर चढवलाय, मी आता खुर्चीवर बसून हात वर करनार. सुमनवन्सं म्हनतात मला बी आत घ्या, एका हाताच्या तारा मी वढते, पन त्यांना ब्रेकची तार वढायला येत न्हाई, लई जोरात वढतात, परवा ठकीनं सोताच्याच डोळ्यात बोट घातलं. मी म्हनले रोज जरा सराव करा. त्या शेवगावला फोन लावतात आन् सुनंला सांगतात मी चार दिवस हितंच हाय. ऱ्हाऊ द्या. कामाला मानूस लागतंच. तुमचंबी चांगलं होऊ दे, आलात, बसलात, ऐकलंत. ह्ये सगळं लिहा, पन माहेरच्या गावाचं नाव घालू नका, भाऊ म्हनंल डोकं मी कोरलं आन् नाव हिचं झालं.