पंचामृत प्यालेली तुळस

मंडळी, एक सांगा — जास्त दिलं, म्हणजे पोचलं का? बोला की! पुढच्या ओळीतल्या आजी तर नातीच्या तोंडात केळं कोंबतायत. त्यांना विचारून उपयोग नाही! तर ऐका.

करंजवाडीत एक केशरकाकू. भक्ती अशी दांडगी, की देवानंच धसका घ्यावा! अंगणात तुळस होती — सासूबाईंनी लावलेली. जाताना म्हातारी म्हणाली होती, "केशर, हिला सांभाळ गं." आणि यंदा गावच्या तुळशीच्या लग्नाचा मान काकूंच्या अंगणाला! मग काय विचारता!

"नवरी कशी भरलेली दिसली पाहिजे!" काकूंनी तांब्याभर दूध ओतलं. दुसऱ्या दिवशी तूप, मध, दही, साखर. मुंग्यांची दिवाळी झाली हो!

नवरा, नाना, म्हणाला, "अगं, तुळस आहे ती, जावई नव्हे!"

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला काय कळतंय भक्तीतलं!"

नाना बसला गप्प. लग्न झालेल्यांना कारण सांगायला नको!

आता मंडळी, मुळाला तोंड असतं का? दात असतात? त्याला असतात केसाहून बारीक तंतू. मातीतलं नत्र, स्फुरद, पालाश, लोह — जे पाण्यात विरघळेल तेच ते आत घेतं, तेही कणाकणानं. त्या कामाला त्याला हवा लागते. अन् इथं दूध नासलेलं, वर तुपाचा थर! मूळ गुदमरलं. पानं पिवळी पडली.

काकू घाबरल्या. "अशक्तपणा आलाय पोरीला!" धावत गेल्या गोठ्यात, उसाच्या रासायनिक खताची ओंजळ भरली, ओतली बुंध्यात!

काकडीला मीठ लावलं की काय होतं, मंडळी? — पाणी सुटतं! तसंच झालं. मातीत खारटपणा इतका, की मुळानं पाणी पिणं राहिलं बाजूला, उलट मुळातलंच पाणी मातीनं ओढलं. तुळस करपली. काडी राहिली नुसती!

काकूंनी ती उपटली आणि कुणी बघायच्या आत मागच्या मोरीपाशी फेकली. पंधरा दिवसांनी, लग्नाच्या सकाळी, बाजारातून टवटवीत तुळस आणून वृंदावनात लावली. माती? तीच! हिरवा शालू, मुंडावळ्या, उसाचा मांडव... सगळा थाट!

संध्याकाळी अंतरपाट धरला. भटजींनी सूर लावला. आणि नवरीनं मान टाकली!

"अगं बाई, नवरीला चक्कर आली!" बायका फिस्सकन हसल्या. बाळकृष्ण बिचारा पाटावर ताटकळत उभा!

काकू तोंड लपवून मोरीकडे पळाल्या. डोळ्यांवर पाणी मारायला वाकल्या, तर पायाशी काय? तीच काडी! ओल्या भुसभुशीत मातीत आडवी पडलेली, धुण्याच्या दगडाआड. तिला दोन पानं फुटली होती. ना दूध, ना तूप. विसळणीचं साधं पाणी अन् मोकळी हवा, बास!

काकूंनी चिखलातच बसून काडीभोवती हात धरले. हुंदका फुटला. "सासूबाई, मीच मारत होते हो हिला! अन् वर म्हणत होते, माया करते!"

नाना मागं येऊन उभा राहिला. बाळकृष्णाला पाटासकट उचलून मोरीपाशी घेऊन आला. भटजींनी नाक मुरडलं, पण मंगलाष्टकं म्हटली! चिखलात उभं राहून गावानं अक्षता टाकल्या.

हसलात ना काकूंना? मोठ्यानं हसलात! आता आपापल्या घरात बघा. पोराला शाळा, शाळेवर शिकवणी, शिकवणीवर संस्कारवर्ग, मूठ-मूठ ओतताय! पान पिवळं पडलं, की म्हणता, "अजून एक क्लास लावू!" सुनेला उपदेश तर ओंजळीनं! आतून पाणी सुटतंय, ते कुणी बघायचं? आपण दिलं यातच आपण खूश. त्याला पचलं का, हे विचारायला जीभ रेटत नाही!

आणि आजी — अहो आजी! दुसरं केळं सोलताय? ठेवा ते खाली. त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलंय. तिला हवंय काय, ते आधी विचारा तरी!