पांढऱ्या गाडीतला हॉर्न

आधीच्या कागदात सगळी चूक माझ्या पोराच्या नावावर लिहिलीय, ती काढा. सकाळपासून हेच सांगते आहे आणि तुम्ही मला पोलीस चौकीच्या बाकावर बसवून ठेवता. आता लिहा.

नाव अमिरुन्निसा मुनाफ होडेकर, वय बावन्न, धंदा घरकाम, शिक्षण चौथी, राहणार अल सुलै, रियाध, मूळ गाव साखरतर, जिल्हा रत्नागिरी. समक्ष हजर राहून सांगते ते असे.

नवरा मुनाफ जिझानला कामाला आहे. इथे मी आणि मुलगा हाशिर, दोघंच. तो गोदामात कामाला जातो. घरात 'ओके' आणि 'लेटर' एवढंच बोलतो, तेही मोबाईलकडे बघून.

दर शुक्रवारी दुपारी शहराबाहेरच्या मैदानात हौशी पोरं गाड्या पळवतात. तिथे कोणती गाडी सुटली, कोणती पोचली ते हाशिर रेडिओवर बोलतो. लहान पेटी आहे, वर एरियल. तिचा आवाज मैदानाच्या पलीकडे जात नाही. ऊन आणि धूळ म्हणून बघणारे सगळे आपापल्या गाडीत एसी लावून, काचा बंद करून बसतात, त्यामुळे बाहेरचा भोंगा ऐकू येत नाही. म्हणून हे गाडीतल्या रेडिओवर. पळवणारेही तेच ऐकतात. पेटीला परवाना होता की नव्हता ते आयोजकांना विचारा, मला माहीत नाही.

मी लायसन काढलंय. डबा बांधून, आमची पांढरी गाडी घेऊन मी दर शुक्रवारी जाते आणि शेवटच्या रांगेत लावते. मला शर्यतीतलं काही कळत नाही. हाशिर तिथे तास न् तास बोलतो, हिंदी, अरबी, इंग्रजी, हसतोसुद्धा. बाजूच्या गाडीतला केरळी ड्रायव्हर एकदा म्हणाला, "चाची, घर में टीवी नहीं है क्या?" मी म्हटलं, है, खराब है. टीव्ही चांगला आहे.

मैदानाची रीत अशी. गाडी नीट पोचली की बघणाऱ्यांनी एकदा हॉर्न द्यायचा. तीनदा दिला म्हणजे मध्ये माणूस आलाय, थांबवा. बोलणारा बाहेर उघड्यावर असतो, तीन हॉर्न ऐकले की त्याने विचार करत बसायचं नाही, लगेच थांबा म्हणायचं. हे हाशिरनेच मला पहिल्या दिवशी शिकवलं.

अपघात झाला त्या शुक्रवारी एक गाडी सुटली, आणि हाशिर मध्येच आपल्या बोलीत म्हणाला, "पांढऱ्या गाडीतले अम्मी, डबा सोड. मी येतंय. दोघं मिळून खाऊ." सगळ्या मैदानाने ऐकलं. समजलं फक्त मला. एरवी तिथे तो मित्रांबरोबर खातो. रेडिओला उलट बोलता येत नाही, म्हणून मी हॉर्न दिला. एकदा द्यायचा होता. हात थांबला नाही, तीनदा गेला.

हाशिरने रीतीप्रमाणे थांबा म्हटलं. त्या पोराने ब्रेक मारला, गाडी फिरून कडेला लावलेल्या पिंपांवर गेली, पोराचं गळ्याचं हाड मोडलं. मी इस्पितळात जाऊन त्याच्या आईची माफी मागितली आहे.

तुम्ही हाशिरला विचारलंत, मैदानात कोणी नसताना थांबा का म्हणालास. तो म्हणाला, मला कोणीतरी दिसलं. हे खोटं आहे. त्याला आमच्या गाडीचा हॉर्न ओळखू येतो. घरी मी विचारलं, माझं नाव का नाही घेतलंस? तर "लीव्ह इट, अम्मी," म्हणाला आणि खोलीत गेला. त्याचा इकामा, इथे राहायचा परवाना, तुमच्याकडे आहे. ज्याच्या जामिनावर तो इथे कामाला आहे तो कफील म्हणतो, केस राहिली तर पोराला परत पाठवतो.

साहेबांनी विचारलं, हॉर्न तुम्हीच दिला याला साक्षीदार कोण? साक्षीदार नाही. गाडीत मी एकटीच असते.

गेल्या शुक्रवारीही मी तिथे गेले. कोणी नव्हतं. रेडिओ लावला. नुसती खरखर. असरच्या नमाजापर्यंत बसले आणि परत आले.

रेडिओची पेटी तुम्ही जप्त केलीत, ती द्यायची नसेल तर ठेवा. केस माझ्या नावावर घ्या आणि पोराचा इकामा द्या.

हे सगळं दुभाष्या तौकीरभाई याने माझ्या बोलण्यावरून लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच आहे. डब्याचं वाक्य अरबीत घालायची गरज नाही, असं तो म्हणतो. ते घाला. हॉर्न त्यावरच वाजलाय. अंगठा नको, मला सही येते.

सहीच्या खाली लिहा, उत्तर गुरुवारपर्यंत पाहिजे. शुक्रवारी हाशिरला सुट्टी असते, आणि डबा खायचा राहिलाय.