ब्रेक शाबूत होता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ‘शब्दसेतू’ फिरत्या वाचनालयाचे आधारस्तंभ, आदरणीय अमृतराव. व्यासपीठावरील सर्व मान्यवर. आजचे सत्कारमूर्ती, एकवीस वर्षे आपल्या पुस्तकांच्या गाडीचे सारथ्य करणारे किशनराव. त्यांच्या सहधर्मचारिणी साखराबाई. जळकोटहून मुद्दाम आलेल्या भामाबाई. आणि अहमदपूरच्या माझ्या वाचक बंधुभगिनींनो,

कार्यक्रमपत्रिकेत माझे भाषण सत्कारानंतर छापले आहे. ते मी आधी मागून घेतले. शाल त्या ताटात घडी घालून पडली आहे, नारळ तिच्यावर वाट पाहत बसला आहे. याबद्दल अध्यक्षांनी रागावू नये. ही इच्छा माझी नाही, किशनरावांची आहे. काल संध्याकाळी ते माझ्या घरी आले. चहा घेतला नाही. म्हणाले, “गुरुजी, शाल अंगावर पडल्यावर मला ऐकवणार न्हाई. आधी सांगा. सगळं सांगा. मग लोकाला वाटलं तं घालतील शाल.”

मी म्हणालो, “तुम्हीच का नाही सांगत?”

“मला दोन शब्द नीट बोलता आले असते तं ड्रायव्हर कशाला झालो असतो? आन् लिहिलं तं तुम्हीच हुतं.”

लिहिले मीच होते. काय लिहिले, तिकडे येतो. म्हातारा माणूस आहे, वळणे घेत येईन, पण येईन.

तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे, की पुस्तके किती जड असतात? आपली पिकअप पहिल्यांदा संघपालच्या गॅरेजात नेली तेव्हा तो मागच्या स्प्रिंगचे पाटे बघून म्हणाला, “सर, भरता काय हिच्यात?” मी म्हणालो, “कविता.” तो म्हणाला, “मग एवढी दबली कशानं?” किशनराव म्हणाले, “दुःखाच्या असतील.”

संघपालला आपण सारे ओळखता. नांदेड रोडवर त्याचे गॅरेज आहे. आठवीत तो माझ्या वर्गात होता. तिसरा बाक, खिडकीजवळ. काय दिवस होते ते! खडूची धूळ उन्हात तरंगायची आणि पन्नास मुले एका सुरात कविता म्हणायची. एकदा संघपालने पाठ म्हणताना मधले एक कडवे गाळले. मी त्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावले आणि सांगितले, “बाळ, एक कडवे गाळले की कविता लंगडते.” वाक्य मला फार आवडले. पुढे दरवर्षी प्रत्येक वर्गाला मी ते ऐकवले.

किशनरावांकडे वळतो. तीन वर्षांपूर्वी चैत्रात आम्ही गाडी घेऊन माहूरला गेलो होतो. पुस्तके मांडून झाल्यावर भर दुपारी दर्शनाला निघालो. फरशी अशी तापलेली, की आम्ही सगळे एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होतो. आणि किशनराव? हात जोडून, डोळे मिटून, उन्हात अनवाणी शांत उभे. मला भरून आले. देहाचे भान हरपणे म्हणतात ते हेच, असे मला वाटले. घरी येऊन मी त्यावर दोन पाने लिहिली.

भान खरेच हरपले होते. पण ते देवीपुढे नव्हे. त्यांना बारा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. तळपाय बधिर झाले होते. रात्री साखराबाईंनी बघितले तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड होते. ते मला पुढे कळले. कसे कळले? एकदा गाडीतून उतरून ते माझ्याशी बोलत दहा-बारा पावले चालले आणि मी पाहिले, उजव्या पायात चप्पल नाही. ती गाडीतच ब्रेकजवळ पडली होती. मी म्हणालो, “किशनराव, चप्पल?” त्यांनी खाली पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. एवढ्या वर्षांत त्या माणसाला मी घाबरलेले पाहिले नव्हते.

“गुरुजी, कुणाला बोलू नका. गाडी गेली तं मी सकाळी उठून जाऊ कुठं?”

मी बोललो नाही. आपल्याला वाटते, मैत्री म्हणजे हेच.

त्यानंतर काही महिन्यांनी किशनराव म्हणू लागले, की ब्रेक कडक लागतो, फार दाबावा लागतो. आम्ही दोघे गाडी घेऊन संघपालकडे गेलो. त्याने दोन दिवस गाडी ठेवून घेतली. आपल्या गाडीत इंजिनावरचा एक पंप एका डब्यातली हवा ओढून घेतो, आणि त्या पोकळीच्या जोरावर पायाला मदत मिळते. याला ते लोक व्हॅक्यूम म्हणतात. पोकळीसुद्धा माणसाच्या पायाला बळ देते, हे ऐकून मी हरखलो. त्यावरही एक कविता केली. वाचणार नाही, घाबरू नका.

संघपालने पंप तपासला, डबा तपासला, नळ्या तपासल्या. मग हात पुसत माझ्यासमोर उभा राहिला. “सर, व्हॅक्यूम टकाटक हाय. ब्रेक मी सवता मारून बघितला. कडक न्हाई. तुम्हीच म्हणायचे ना, एक कडवं गाळलं की कविता लंगडते? तुम्ही कायतरी गाळून राहिलात.”

माझा विद्यार्थी मला माझे वाक्य परत देत होता. आणि मी काय केले? हसलो. म्हणालो, “अरे, पुस्तकांचे वजन वाढले आहे. काहीतरी जोरदार बसव.”

त्याने बसवले. व्हॅक्यूम काढून तेलाच्या दाबावर चालणारी मदत बसवली, स्टेअरिंगच्या पंपाचेच तेल ब्रेकला जोर देते अशी. मोठ्या गाडीचा भाग शोधायला नांदेडच्या भंगार बाजारात तीन वेळा गेला. परवानगीच्या कागदांसाठी लातूरच्या फेऱ्याही त्यानेच मारल्या. पेट्या भरून आठ दिवस स्वतः गाडी चालवून पाहिली आणि मगच किल्ली दिली. “किशनमामा, आता नुसता पाय ठेवा. लोण्यावानी हाय.”

सभ्यहो, घात तिथेच झाला, आणि त्यात त्या पोराचा काडीचाही दोष नव्हता. जुना ब्रेक पायाला उलट ढकलायचा. तळव्याला कळत नसले तरी तो जोर गुडघ्यापर्यंत जायचा, आणि किशनरावांना गुडघ्यावरून समजायचे, की पाय ब्रेकवर आहे. नवा ब्रेक इतका मऊ झाला, की गुडघ्यापर्यंत काही पोचेचना. त्याला खरे सांगितले असते, तर त्याने हे काम हातातच घेतले नसते.

गेल्या कार्तिकात, जळकोटचा आठवडी बाजार. मी शेजारच्या सीटवर होतो. थोडा उतार, समोर भामाबाईंचे बांगड्यांचे पाल. किशनराव ओरडू लागले, “दाबलाय, गुरुजी, दाबलाय!” मी खाली पाहिले. ब्रेक मोकळा होता. त्यांचा पाय त्याच्या शेजारी, रबराच्या चटईवर होता. सगळी ताकद लावून ते चटई दाबत होते.

काचेचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

भामाबाईंचे उजवे मनगट मोडले. पंचक्रोशीतल्या किती नवऱ्यामुलींचे हात त्या हाताने भरले असतील! सहा महिने झाले, आजही त्यांना बांगडी दाबून चढवता येत नाही. दवाखान्यात आम्ही भेटायला गेलो, तर त्याच मला म्हणाल्या, “गुरुजी, पुस्तकाच्या गाडीनं मारलंत. निदान एखादं पुस्तक तं आणायचं.” मी ओशाळून हसलो. दुसऱ्या दिवशी पुस्तक नेले. खरे काय घडले, ते नेले नाही.

मग वाचनालयाने चौकशी समिती नेमली. मला तिचा प्रमुख केले. अहवालही मीच लिहावा असे ठरले, कारण म्हणे माझी भाषा चांगली! मी लिहिले, “ब्रेकप्रणालीत केलेल्या बदलाबाबत शंका घेण्यास वाव आहे.”

किती सभ्य वाक्य आहे, नाही? कुणाचे नाव नाही, कुणावर आरोप नाही. पण त्या ‘वावा’त सारे गाव शिरले. शाळेच्या गाड्यांनी संघपालकडे जाणे बंद केले. ट्रॅक्टरवाले दुसरीकडे गेले. चहाच्या टपरीवर लोक म्हणाले, “ह्या लोकांच्या हातात ब्रेक देतंय का कुणी?” या गावात दोष कुणाला चटकन चिकटतो, हे मी साठ वर्षे पाहतो आहे. मला ते ठाऊक होते, म्हणूनच ते वाक्य लिहिणे इतके सोपे गेले. आज प्रथमच हे मी मोठ्याने म्हणतो आहे.

संघपाल माझ्याकडे भांडायला आला नाही. त्याने गॅरेजच्या पाटीवरचा ‘ब्रेक’ हा शब्द स्वतःच पांढरा रंग लावून पुसला. रोज फिरायला जाताना मला तो पांढरा पट्टा दिसायचा. मी हल्ली दुसऱ्या रस्त्याने जातो.

बाहेर मैदानात आपली गाडी हार घालून उभी आहे. पंधरा दिवसांपासून आपली नवी चालक पुनम ती चालवते. आज सकाळी मी तिला विचारले, “पोरी, ब्रेक कसा आहे?” ती म्हणाली, “सर, एकदम भारी. अंगठा टेकवला तरी थांबती.” अपघातानंतर त्या ब्रेकला कुणी पाना लावलेला नाही. संघपालने बसवला तसाच तो आहे.

अध्यक्ष महोदय, अहवालाची वही मी सोबत आणली आहे. ते वाक्य खोडलेले नाही. खोडले तर उद्या कुणाला कळणारच नाही, की मी ते लिहिले होते. त्याखाली काल लिहिले आहे ते वाचतो: “ब्रेक शाबूत होता. चालकाच्या पायाला जाणीव नव्हती, आणि अहवाल लिहिणाऱ्यास हे आधीपासून माहीत होते.” खाली दोन सह्या आहेत. एक किशनरावांची, एक माझी. पहिली सही त्यांनी केली. पेन माझ्याआधी त्यांनी उचलले, हे सभेने लक्षात ठेवावे. एकवीस वर्षे वाड्या-तांड्यांवर पुस्तके पोचवणारा माणूस आज आपला शेवटचा डागही स्वतःच उतरवून ठेवतो आहे. शाल घालायची की नाही, ते आता आपण ठरवा. या वहीबरोबर माझा चिटणीसपदाचा राजीनामाही अध्यक्षांच्या हाती देतो.

भाषण संपवताना सर्वांची क्षमा मागण्याची रीत आहे. भामाबाई, तुमची मी हात जोडून मागतो. किशनराव, तुमचीही. ज्या दिवशी तुमची चप्पल गाडीत राहिली, त्या दिवशी मी गप्प बसायला नको होते.

संघपाल दाराशी उभा आहे. त्याला खुर्ची दिली, तो बसला नाही. त्याची क्षमा मी या माईकवरून मागणार नाही. इथे मागितली तर दोनशे माणसांसमोर त्याला “जाऊ द्या सर” म्हणावेच लागेल, आणि हे जाऊ देण्यासारखे नाही. उद्या सकाळी मी जुन्याच रस्त्याने त्याच्या गॅरेजात येईन. तिथे त्याला नाही म्हणायची मोकळीक आहे. चाळीस वर्षे फळ्यावर लिहिल्याने अक्षर अजून बरे आहे. येताना रंगाचा डबा आणि ब्रश आणीन. पाटी पुन्हा रंगवून हवी असेल तर तो दाखवील. नसेल तर तसाच परत येईन.

आपण सर्वांनी हे शांतपणे ऐकून घेतलेत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, वेळेचे भान सुटले असेल, तर तेवढे पदरात घ्यावे. बाकीचे घेऊ नये.

नमस्कार.